पंपाले नाव ठेवलं तेव्हा

मले इंग्रजी शिकवलं एका चिनी बाईनं, आन् हे तिले अजून माहीत नाही. तिचे धडे होते चिनी लोकाइसाठी. धंद्यातल्या मालाले इंग्रजीत काय म्हणावं, एवढंच त्यात होतं: नमुना, ठोक माल, खराब माल, परत केलेला माल. मी फोनवर इंग्रजीचे दुसरेच धडे शोधत होती, तर हे निघालं. पहिले वाटलं बंद करावं. मंग ऐकलं, तर बाई लय हळू बोलत होती. इंग्रजी शब्द तीनदा म्हणे, मंग त्याचा अर्थ चिनीत सांगे, मंग थांबे, का आता तुम्ही म्हणा. आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर असे बोलायचे जशी त्याइची एसटी सुटून राह्यली. ही बाई थांबत होती. मी तिथंच बसली.

आता हे करायची पाळी काहून आली, तर काकामुळं. काकाचं पांढरकवड्यात हायवेले लागून दुकान आहे. फवारणीचे पंप, नोझल, पाइप, असलं सामान. मी बी.कॉम. झाली आन् माझ्या बाबाईनं, ते तहसीलमध्ये बाबू आहेत, ठरवलं का पोरगी बँकेची परीक्षा देईन. अभ्यासाले शांत जागा म्हणून मले काकाच्या दुकानात बसवलं. ट्रकाच्या हॉर्नात कोणाचा अभ्यास होते हे त्याइलेच माहीत.

मले नकला करायची खोड आहे. शाळेत हेडमास्तरीण बाईचा आवाज काढून मी एकदा दोन वर्गाइले लवकर सुट्टी देली होती. काकाचा आवाज काढून काकूले फोनवर भजे कराले सांगतले, तर काकूनं केले, आन् काका घरी येऊन म्हणे आज भजे काहून. तर असं. काकाले एक दिवस बॅटरीच्या पंपाचं वेड लागलं. नागपूरच्या व्यापाऱ्याकडून घेतलेले पंप अर्ध्या वावरात बंद पडत होते, आन् पट्टे खांद्यात रुतत होते. गिऱ्हाईक येऊन काकाले बोलून जाये. काकानं ठरवलं, सरळ चीनच्या कंपनीतून आणायचे. नागपूरचा एक मोठा व्यापारी त्याचा कंटेनर मागवणार होता, त्यात आमचे दोनशे पंप घालू द्याले तो तयार झाला. फक्त कंपनीसंग बोलणं तुमचं तुम्ही करा म्हणे.

काकानं माझ्याकडं पाहिलं. मले इंग्रजी येत नाही हे मी सांगतलं. तर काका म्हणे, "तू कोणाचाही आवाज काढते, मंग इंग्रजाचा काढाले काय जाते?"

म्हणून ते धडे. आता अडचण अशी का नकल्याले अर्धी नक्कल जमत नाही. बाई इंग्रजी शब्दानंतर जे चिनी बोले तेही मी म्हणत गेली, त्याच सुरात. इंग्रजी कोणतं आन् चिनी कोणतं, मी विचारच केला नाही. माझ्या डोक्यात दोन्ही मिळून एकच शब्द झाला. सॅम्पल यांगपिन. मर्चंडाइज शांगपिन. डिफेक्टिव्ह गुड्स त्सपिन. सकाळी दुकान झाडताना मी हे म्हणत राहे. पंधरा दिवसात काकूही भाकर थापताना यांगपिन म्हणाले लागली.

नमुन्याचा एक पंप आला. काकाले तो पाहताक्षणी आवडला. आठ दिवस तो पंप काकाच्या पाठीवर. दुकानासमोरच्या लिंबाले पाणी मारलं, रस्त्यावरच्या धुळीले मारलं, शेजारच्या टायरवाल्याच्या बोर्डावर मारलं. बॅटरी संपतच नाही म्हणून दोनदा फुकट चालू ठेवून पाहिला. पण हे सगळं आमच्यात. बाहेर कोणी विचारलं कसा आहे, तर काका म्हणे, "हाव, ठीक आहे, पाहू."

काहून का आमच्या घराण्यात मालाची तारीफ करणं म्हणजे सौदा हरणं. घ्यायचं असलं का पहिले नाव ठेवायचं, खोट काढायची. आन् नुसतं आमच्या घरीच नाही, सगळ्या बाजारात तसंच आहे. दुकानात कोणी आलं आन् म्हणलं का वा, छान आहे जी पंप, तर काका त्याले पाणीही विचारत नाही, तो घेणार नाही हे पक्कं. पण कोणी पट्टा ओढून म्हणलं का हा काय पट्टा आहे, बैलाचं जू आहे का, तर काका खुर्ची पुढं सरकवते. काका काकूले पाहाले गेलता तेव्हा म्हणला होता का चहात साखर कमी आहे. काकूचे वडील आत जाऊन बायकोले सांगून आले, जमलं.

तर फोनचा दिवस आला. सकाळी दहा वाजता व्हिडिओ कॉल. कंपनीकडून एक बाई होती, माझ्याहून दोनचार वर्षांनं मोठी असंन, गळ्यात ओळखपत्र. मी टेबलासमोर, काका कॅमेऱ्याच्या बाहेर, हातात पंपाचा पट्टा. मी हॅलो म्हणली, सॅम्पल यांगपिन मिळाला म्हणली. बाई एकदम सरळ बसली. तिनं काहीतरी चिनीत विचारलं. मी हसली. मंग ती इंग्रजीतच बोलाले लागली आन् भाव सांगतला.

काकाले भाव बरा वाटला. पण काकानं खालून माझ्या पायाले पाय लावला, का नाव ठेव.

आता नाव ठेवायचं म्हणजे आपल्याकडं कसं, अर्धं हसून, अर्धं नाक मुरडून. रंग जरा भडक आहे बाप्पा, झाकण काय असं लावलं. पण धड्यात हे नव्हतं. धड्यात होता तक्रारीचा पाठ, सतरावा, तो मले सगळ्यात पक्का पाठ होता काहून का त्यात बाईचा आवाज लय कडक होता. मी तोच सोडला. डिफेक्टिव्ह गुड्स त्सपिन. इन्फेरियर क्वालिटी. वी आर नॉट सॅटिस्फाइड विथ धिस मर्चंडाइज शांगपिन. पाठातल्या बाईसारखी भिवई पण वर केली.

स्क्रीनवरच्या बाईचा चेहरा उतरला. तिनं वही काढली. पंपात काय खराब आहे, कधीपासून आहे, फोटो पाठवाल का, असं विचारून ती लिहून घेऊ लागली. काका टेबलाखालून मले खुणा करून राह्यला, लिहून घेऊन राह्यली, म्हणजे भाव उतरते. मी आणखी दोन वाक्य टाकले. बाई सॉरी म्हणली, साहेबाले सांगते म्हणली, आन् फोन ठेवला. काकानं त्या दिवशी माझ्यासाठी समोसे मागवले.

दुपारी मेल आला. मी तो दोनदा वाचला, मंग काकाले सांगतला. तक्रार नोंदवली आहे. ह्या मॉडेलचं काम थांबवलं आहे, तपासणी होणार. आमचे दोनशे पंप ह्या कंटेनरमध्ये येणार नाहीत, पुढच्यात पाहू. तकलीफ झाली, माफ करा.

काकानं पंप पाठीवरून काढून टेबलावर ठेवला. मले माहीत होतं का त्याच्या डोक्यात काय चालू आहे. कंटेनर शनिवारी भरून निघणार होता. पुढचा कंटेनर येईपर्यंत कापसावरची फवारणी निघून गेली असती. आन् काकानं ढाणकीपासून महागावपर्यंत त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाले शब्द देला होता, का अवंदा असा पंप देतो का खांदा दुखणार नाही. काकाचा शब्द ही काही लहान गोष्ट नाही. लोक दुकानापेक्षा त्यावर जास्त येतात.

संध्याकाळी काकूनं विचारलं, झालं काय. काका म्हणे, "काई नाही. आम्ही नाव ठेवलं, तर तिनं खरं धरलं."

मी धडे पुन्हा लावून पाहिले. बावीस पाठ. माल मागवाचा कसा, भराचा कसा, परत कराचा कसा, सगळं होतं. पण आम्ही नुसतंच म्हणत होतो, मनातून माल लय आवडला आहे, हे सांगाचा पाठ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन लावला. बाई होती, आन् बाजूले तिचा साहेब. मी जमंन तसं सांगतलं का मालात काही खराबी नाही. गुड. व्हेरी गुड. साहेबानं बाईच्या कानात काही सांगतलं. बाई मले म्हणली का काल तुम्ही वेगळं बोलल्या, आज वेगळं. आमच्या कागदावर तक्रार चढली आहे. आता ज्यानं माल मागवला त्यानं स्वतः सांगाले पाहिजे का माल बरोबर आहे, तरच काम सुरू होईन.

मी काकाकडं वळली. "काका, तुम्हीच सांगा म्हणते. पंप चांगला आहे म्हणून."

"मी?"

"हाव."

काका कॅमेऱ्यासमोर आला. शर्टाची कॉलर नीट केली. घसा साफ केला. मंग म्हणे, "बरा आहे."

मी व्हेरी गुड सांगतलं. पण बाई काही आंधळी नव्हती. ती काकाच्या तोंडाकडं पाहत होती, आन् काकाचं तोंड असं होतं जसं कोणी जबरदस्तीनं कडू काढा पाजला. तिनं मान हलवली. मी हळूच काकाले म्हटलं का असं नाही चालत, मनापासून बोला. काका म्हणे मनापासून बोललो तर भाव गेला. मी म्हटलं भाव गेला तर गेला, पंप तर येईन. टायरवालाही गंमत पाहाले दारात येऊन उभा झाला होता, त्याच्यासमोर तर आणखीच जड.

मंग काकानं टेबलावरचा पंप उचलला आन् पाठीवर घातला. पट्टे लावले. कॅमेऱ्याले पाठ दाखवली, मंग खांदा दाखवला, शर्ट बाजूले करून.

"सांग तिले, आठ दिवस झाले पाठीवर घेऊन राह्यलो," काका म्हणे. "एक वळ नाही उठला. बॅटरी माझ्याआधी थकत नाही. तीस वर्षं झाले पंप विकून राह्यलो, असा पंप पाहिला नाही. चांगला आहे. लय चांगला आहे."

मी जेवढं जमलं तेवढं इंग्रजीत सांगतलं, पण बाईले त्याची गरजच पडली नाही. तिनं काकाचा खांदा पाहिला होता. मंग तिनं विचारलं, असं होतं तर काल तसं काहून बोलल्या? मी खरं ते सांगतलं. आमच्याकडं माल घ्यायचा असला का पहिले त्याले नाव ठेवतात.

बाई हसाले लागली. तिनं साहेबाले चिनीत सांगतलं, तर तोही हसला. ती म्हणली का तिची आई बाजारात भाजी विकते, आन् तीही हेच म्हणते, जो मालाले नाव ठेवते तोच घेऊन जाते. मी विचारलं, मंग काल समजलं काहून नाही? तर म्हणे, तुम्ही घासाघीस करत नव्हत्या, तुम्ही तपासणीच्या साहेबासारख्या बोलत होत्या, आन् वरून चिनीत. मी तर घाबरूनच गेली, म्हणे.

साहेबानं कागदावर सही केली. पंप शनिवारच्या कंटेनरमध्ये जातील म्हणून सांगतलं. भाव तोच, एक पैसा कमी नाही. काकानं पंप पाठीवरून काढला, घाम पुसला. जरा जिवात जीव आला तसा कॅमेऱ्यात वाकून म्हणे, "झाकणाचा रंग काय असा देला पण, लगनातल्या मंडपासारखा?"

मी तिले तसंच सांगतलं. ह्यावेळी बाईनं वही उघडली नाही. तिनंही नाक मुरडलं, आन् भरभर बोलली. काका म्हणे काय म्हणते. मी सांगतलं का म्हणते, तुमची ऑर्डर लय लहान, गाव लय दूर, आन् तुम्ही लोक बोलता लय.

काकाचा चेहरा खुलला. टायरवाल्याकडं पाहून म्हणे, "पक्कं झालं मंग."