काळी पेटी आणि सत्तावीस अंश

सातपुड्यातल्या एका पाड्यावर सौरपंप आहे. त्याच्या पेटीची किल्ली तो चालवणाऱ्या ताईंच्या गळ्यात असते. मे लागला आणि पंप रोज भर दुपारी बंद पडायला लागला. कंपनीचा माणूस आला, पेटीभोवती एक चक्कर मारली आणि लिहून गेला: चालवणारीला कळत नाही. झालं! पुढच्या ग्रामसभेत ताईंची किल्ली काढून घ्यायचं घाटू लागलं.

मी पाड्यावर पाण्याच्या चळवळीचं काम करते. हे ऐकून पेटले. पत्रक लिहायला बसले. पण मी इलेक्ट्रॉनिक्सही शिकलेय. उद्गारचिन्हांनी पंप चालत नसतो, पुरावा लागतो. पेटीतल्या कंट्रोल बोर्डाची जोडणी कागदावर उतरवून घेतली आणि लोणखेडा गाठलं. तिथल्या कॉलेजात माझी मैत्रीण प्रयोगशाळा सांभाळते.

कॉम्प्युटरवर अख्खं सर्किट मांडलं. पंपाने जास्त करंट ओढला की तो बंद करायचा, एवढंच त्या बोर्डाचं काम. दहादा चालवला, दहाही वेळा चोख. माझं तोंड उतरलं. म्हणजे कंपनीवाला खरा?

मैत्रीण मागून वाकली. "अय येडी, तापमान काय टाकेल शे?"

"काहीच नाही."

"मंग कॉम्प्युटर आपोआप सत्तावीस धरस. तुन्हा पाड्यावर मे महिनामा सत्तावीस ऱ्हास का? एसी लावेल शे का तठे?"

सत्तावीस! ज्याने हा आकडा ठरवला त्याला मे महिन्यात शहाद्याच्या बसस्टँडवर उभं करा! आम्ही तापमान चढवत नेलं. साठला बोर्ड चालला, सत्तरलाही. पंचाहत्तरला मात्र नेहमीचाच करंट त्याला जास्त वाटला आणि त्याने पंप बंद केला. आम्ही जोरात टाळी दिली.

"पण पेटी इतकी तपस कशी? रंग कोणता शे?"

पेटी काळी होती. गेल्या पावसाळ्यात गंजू नये म्हणून रंगवलेली. मीच. काळ्यावर पांढरी घोषणा उठून दिसते ना! 'पाणी आमच्या हक्काचं.'

ती पोट धरधरून हसली. "तुन्ही चळवळनीच पंप बंद पाडा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीत थर्मामीटर ठेवला. शहात्तर.

ग्रामसभेत आलेख दाखवला आणि सरळ बोलले. इथल्या उन्हात बसवायचा बोर्ड इथल्या उन्हाच्या हिशोबाने तपासला नाही, हा कंपनीचा गुन्हा. काळा रंग, हा माझा. ताईंचा काहीही नाही.

ताई उठल्या. "म्हणजे मला अडाणी म्हणाला तो शिकलेला, आन पेटी तापवली ती पण शिकलेली?"

सगळी सभा हसली. सगळ्यात मोठ्याने मी. किल्लीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

मग ताईंनी माझ्याच हातून पेटी पांढरी करून घेतली, तीही सगळ्या पाड्यासमोर. वर बांबूचं छप्पर घातलं. कंपनीला नवा बोर्ड मागणारं पत्र गेलं, सहीच्या जागी पहिला अंगठा ताईंचा.

"ताई, घोषणा पुसली गेली," मी म्हटलं.

"लिही ना परत. आता काळ्याने लिही. बारीक."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पंप चालू होता. नळाखाली हंडे, हंड्यांभोवती बायका, आणि पोरं एकमेकांना भिजवत होती. ताईंनी पेटीवर हात ठेवून पाहिला, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात सरकवली आणि मला हाक मारली, "ओ शिकलेल्या ताई, तुमचा हंडा कुठंय?"