एका पलंगावरचे वकील

लेकीकडे अमेरिकेत असताना एका सकाळी तिच्या गावचं छोटं संग्रहालय पाहिलं. तिथे एका जुन्या वकिलाची, घोड्यावर टाकायची चामडी पिशवी होती. एका कप्प्यात कायद्याची पुस्तकं, दुसऱ्यात एकच सदरा. पुढे तो राजकारणात मोठा झाला म्हणे.

तिथल्या आजीबाई म्हणाल्या, "तेव्हा वकील गावोगावच्या कोर्टांत एकत्रच जायचे. दिवसभर एकमेकांविरुद्ध भांडायचे आणि मुक्कामाला खाटा कमी, म्हणून रात्री एकाच पलंगावर झोपायचे."

पांघरूण एकच असल्यावर अबोला किती ताणणार?

आमचे हेही वकील. बारच्या निवडणुकीत जिवलग मित्र अण्णा विरोधात उभा राहिला, तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद. पिशवीसमोर हे बराच वेळ उभे होते. बाहेर येताच म्हणाले, "साताऱ्यात आत्ता संध्याकाळ ना गं? अण्णा घरी आला असेल."