वहिनींच्या बंद दारासाठी भांडण

संशोधन करायला आलेली बाई आमच्या चाळीचा जिना चढली तेव्हाच मला ती आवडली नाही. पायात बूट, पाठीला बॅग, गळ्यात ओळखपत्र, आणि चेहऱ्यावर असं हळुवार हसू की जणू चाळीतलं कुणी गेलंय आणि ही भेटायला आलीय. तिशी ओलांडलेली असावी. गुन्हे, त्या गुन्ह्यांची झळ पोचलेली माणसं आणि नशापाणी या तिन्हींवर तिचा अभ्यास चालला होता. तिघांचाही पत्ता लालबाग, असं तिला कोणी सांगितलं देव जाणे.

तिला चाळ दाखवायचं काम अध्यक्षांनी माझ्या गळ्यात घातलं. अध्यक्ष म्हणजे चाळ कमिटीचे. हा माणूस मला शाळेपासून सहन होत नाही. आमची चाळ टॉवर व्हायच्या रांगेत आहे, बिल्डरची माणसं येऊन-जाऊन असतात, म्हणून गेटवर त्यांनी स्वतःच्या फोटोसकट बोर्ड ठोकलाय: 'नशामुक्त चाळ'. आता मी पडलो रिटायर्ड बस कंडक्टर. परळच्या स्टॉपवर 'पुढे चला' म्हणालो की वरळीला लोक पुढे सरकायचे. आणि मी एकदा बोलायला लागलो की त्यातलं खरं कुठलं ते निवडायला समोरच्याला तांदूळ निवडावेत तसं सूप घेऊन बसावं लागतं. अध्यक्षांना तेच हवं होतं.

"तू बरोबर राहा तिच्या," ते म्हणाले, "म्हणजे तिला काही कळणार नाही."

आयुष्यात त्यांनी माझी केलेली ही एकमेव स्तुती.

पहिल्याच खोलीत बाईंची विकेट पडली. त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षभरात तुम्हाला कुणी मारहाण, धमकी वगैरे?" ज्याला विचारलं तो तोंड उघडायच्या आत दारातून उत्तर आलं, "त्याला कोण हात लावणार? नंतर साबण लागेल." खिडकीतून दुसरं, "धमकी त्याची बायको देते, पण ती घरचीच आहे, लिहू नका." बघता बघता अर्धी गॅलरी आत आणि उरलेली दारात. मुलाखत एकाची आणि उत्तरं सगळ्या मजल्याची.

"काका, ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी एकटंच बोलावं लागतं," बाई मला म्हणाल्या. "दार लावून घेता येईल का?"

मी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी मला गच्चीवरून उडी मारायला सांगितलंय. आमच्याकडे दिवसा दार लावलं की दोन मिनिटांत लोक विचारायला येतात, काय झालं म्हणून. चौथ्या मिनिटाला डॉक्टर आणतात. आणि त्यानंतरही दार उघडलं नाही तर रडायला सुरुवात करतात. बाईंच्या कॉलेजात हे शिकवलेलं नव्हतं. सगळ्या मजल्यावर त्या "एकटंच, एकटंच" करत फिरल्या आणि एकालाही एकटं गाठू शकल्या नाहीत. नशेचा प्रश्न आला की लोक एकसुरात म्हणायचे, "बोर्ड वाचला नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. जिन्याच्या वळणावर वहिनी उभ्या होत्या. वहिनी म्हणजे माझ्या गेलेल्या दोस्ताची बायको, मूळच्या कणकवलीकडच्या, खोली माझ्या समोरच. घरात त्या आणि त्यांचा मुलगा. मुलगा पावडरीवर. ही गोष्ट चाळीत सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही. वहिनींच्या घरातला मिक्सर हरवला, तांब्याचा हंडा हरवला, मागच्या दिवाळीत गॅसचा सिलिंडर हरवला. वहिनी हरवला म्हणायच्या, मग आम्हीही हरवला म्हणायचो. सिलिंडर काय रुमाल आहे बसमध्ये राहायला? त्यांच्या गालावर वळ दिसला की त्या मोरीत घसरलेल्या असायच्या. एवढी घसरणारी मोरी मुंबईत दुसरी नाही.

"भावजी, माका त्या बायेशी बोलूचा आसा," त्या म्हणाल्या. "एकटीन. ह्येका खंय भरती करूचो, माझी सही चलात काय, ता इचारूचा आसा. हयसर कोणाक इचारलंय तर सांजेक ह्येच्या कानार जातला. मगे माझा काय व्हतला ता तुमका ठावक आसा."

मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. दिवसभर बाहेर असलेला त्यांचा मुलगा दिवे लागायच्या सुमाराला जिना चढायला लागला की गॅलरीतली माणसं 'डास येतात' म्हणून आत जातात, दारं लागतात आणि टीव्हीचे आवाज वाढतात. दिवसा सताड उघडी असलेली चाळ त्या वेळेला तेवढी बंद असते. आमचे डास असे शहाणे की बरोबर त्याच्या मागोमाग येतात. माझ्याही घरी टीव्ही आहे.

वहिनींना अर्धा तास हवा होता, बंद दाराआड, गॅलरीच्या नकळत. आता गॅलरीला वहिनींच्या दारावरून हलवायचं तर गॅलरीला त्याहून चविष्ट काहीतरी दाखवायला हवं. मी दूध घरात ठेवलं, बाईंना फोन करून बोलावलं, वहिनींच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला अध्यक्षांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"बाहेर ये रे नशामुक्ता."

अध्यक्ष दाढीचा फेस लावलेलेच बाहेर आले. मी सुरुवात हलक्या मालाने केली. म्हटलं, गिरण्या संपामुळे बंद पडल्या असं जगाला वाटतं, पण खरं म्हणजे ह्याच्या काकाने भोंगा चोरून भंगारात घातला, कामगारांना शिफ्ट सुरू झाल्याचं कळलंच नाही, सगळे घरी झोपून राहिले. म्हटलं, ह्याच्या लग्नात जेवलेले अर्धे लोक अजून परळच्या हॉस्पिटलात आहेत. गॅलरी गोळा झाली. वरच्या मजल्यावरचे वाकून बघायला लागले. पलीकडच्या चाळीतल्यांनी खुर्च्या घेतल्या. आणि डोळ्याच्या कडेने मी पाहिलं, वहिनींचं दार हळूच लागलं. कोणाची मान तिकडे वळली नाही.

"पिऊन आलायस काय सकाळी सकाळी?" अध्यक्ष म्हणाले.

"इथे कसा पिणार? तू बोर्ड लावलायस ना."

पंधरा-वीस मिनिटं थापांवर निघाली. मग थापा संपायला आल्या, आणि दार बंदच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडचा माल खलास झाला. मग मी जे जवळ होतं ते काढलं, म्हणजे खरं. बोर्ड ठोकला त्या दिवशी ह्याचा सख्खा भाऊ टाकीमागे पडला होता आणि चौघांनी उचलून आणला होता, ते बोललो. चौघांपैकी दोघे समोरच उभे होते, तेही बोललो. कोणाचा जावई सासुरवाडीला का येत नाही, कोणाच्या पोराला पुण्याला 'नोकरीला' पाठवलंय आणि ती नोकरी कसली, सगळं. हसणं थांबलं. अध्यक्षांच्या गालावरचा फेस वाळला. एका बाईने मला शिव्या घातल्या, मी परत घातल्या. मग तिच्या नवऱ्याने घातल्या. मग ज्यांचं ज्यांचं नाव निघालं त्यांनी एकमेकांचं काढलं. जेवणापर्यंत मजल्यावर एकमेकांशी बोलणारं माणूस उरलं नाही.

बाई कधी निघून गेल्या मी पाहिलंही नाही. वहिनींचं दार उघडं होतं आणि त्या उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

आमच्याकडे भांडणात जो आधी आत जातो तो हरला, असा रिवाज आहे. त्यामुळे आत कोणी जाईना. अध्यक्ष कठड्याला टेकून माझ्याकडे बघत उभे, मी त्यांच्याकडे बघत उभा. बाकीचेही आपापल्या वैऱ्याला नजर लावून. बायकांनी जेवणं बाहेरच आणून दिली, तीही आपटून. दुपार गेली. दिवे लागले. मला शपथेवर सांगायला आवडणार नाही, पण त्या गॅलरीत तेव्हा इतका राग साठला होता की वर वाळत घातलेले पापड भाजले असते.

तेवढ्यात वहिनींचा मुलगा जिना चढून आला. बाई वहिनींचं बंद दार उघडून बाहेर पडताना कोणीतरी पाहिलंच होतं, आणि खाली त्याच्या कानावर घातलं होतं.

"कोण आली होती गं?" त्याने आईला विचारलं. "दार लावून काय सांगितलंस?"

वहिनींनी उंबऱ्यातून उठून पदर सावरला. तो एक पाऊल पुढे झाला. मग त्याने मान वर केली. रोजची रिकामी गॅलरी गच्च भरलेली होती. एक माणूस हलत नव्हता, एक डास आलेला नव्हता. त्यातलं कोणी त्याच्यासाठी उभं नव्हतं, वहिनींसाठी तर नव्हतंच. सगळे माझ्यासाठी आणि एकमेकांसाठी उभे होते, कच्चं खाऊ की भाजून अशा नजरेने. पण हे त्याला काय माहीत.

आणि अध्यक्ष, दिवसभर मला हाणायला हात शिवशिवत असलेले अध्यक्ष, त्याच्यावर फुटले. "आवाज कोणावर चढवतोस रे? चल, खाली हो."

त्याने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मग उतरून गेला. जिन्यावर पाय आपटत गेला, पण गेला. त्या संध्याकाळी वहिनींना कोणाचा हात लागला नाही.

नंतर त्या पाण्याची कळशी घेऊन माझ्यासमोरून गेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भावजी, इतक्या बोंबलूक काय झाला होता? लाज वाटना नाय?" आणि माझ्याकडे न बघता पुढे गेल्या. आत त्या बाईंशी काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. एवढंच कळलं की आईची अर्जावर सही चालते, नशा सोडवायच्या केंद्रात भरतीसाठी मुलाचं नाव लावलंय, आणि जागा रिकामी व्हायची वाट बघायची आहे.

त्यानंतर चाळीतली शहाणी माणसं आमचा समेट घडवायला पेढे घेऊन आली. पेढे मी खाल्ले, समेट नाकारला. अध्यक्ष परवा जिन्यात भेटले, मवाळ दिसले, "झालं ते झालं" असं काहीतरी पुटपुटायला लागले. धोका ओळखून मी ताबडतोब त्यांच्या वडिलांवर घसरलो. पुन्हा पेटले. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत अख्खा मजला बाहेर होता.

वहिनींच्या मुलाला जागा मिळाली की बघू. तोवर अध्यक्षांच्या आईकडच्यांना मी अजून हातही लावलेला नाही.