कपाळाला लागलेलं सोनं

बबल रॅपचा वास आला की मला मस्कतमधला, कुरुमचा तो बंगला आठवतो. पॅकर्सच्या नोकरीत तिथलं सामान बांधताना मी त्या घरच्या मॅडमची नक्कल करत होतो. सगळे हसत होते, आणि माझा पाय खाली उघड्या पडलेल्या छोट्याशा पोथीला लागला. पाचशे वर्षांपूर्वीची ख्रिस्ती प्रार्थनेची पोथी, सोन्याच्या चित्रांची. सवयीने उचलून मी ती तशीच घामेजल्या कपाळाला लावली.

“खलास,” आमचे सुपरवायझर सावंतकाका पुटपुटले. “आता घरचं तिकीट काढ.”

दारात मॅडम उभ्या. त्यांनी पोथीचं सोनं लागून चमकणारं माझं कपाळ बघितलं, पोथी घेतली आणि एक पान दाखवलं. चित्रातल्या मेरीचा चेहराच पुसलेला.

“जुने मालक इथे मुके घ्यायचे,” त्या हळूच म्हणाल्या.

पहिल्या पानावर त्या मालकांची नावं आहेत. माझं नाही. पण आत कुठेतरी माझा घाम आहे.