बरडावरची द्राक्षं

अकोल्याच्या शाळेत मी भूगोल शिकवते. द्राक्षाचा धडा तर आता पुस्तक न उघडताही शिकवता येतो. द्राक्षाला कोरडी हवा लागते, पाणी धरून न ठेवणारी हलकी जमीन लागते, दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. ऊन गोडी आणतं, गारवा आंबटपणा राखतो. म्हणून द्राक्षं नाशिककडे होतात आणि आपल्या वऱ्हाडात संत्री होतात. मुलं असं लिहितात आणि मी गुण देते. माझ्या नवऱ्याने मात्र नेमकं हेच खोटं पाडायचं मनावर घेतलं, आणि तेही वाइनच्या द्राक्षांनी.

तो नांदगाव पेठेत कापडाच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. ती नोकरी त्याने सोडली आणि चांदूर बाजार तालुक्यातल्या घरच्या शेतावर जाऊन राहिला. मी अकोल्यालाच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अमरावतीची एसटी, तिथून दुसरी, आणि संध्याकाळी शेतावर. घरची बहुतेक जमीन काळीभोर. कपाशीला, संत्र्याला सोन्यासारखी, पण पाऊस झाला की आठवडा आठवडा ओल सोडत नाही. अशा मातीत द्राक्षाची मुळं सडतात. एका कडेला मात्र नाल्याच्या उतारावर एक एकर बरड होतं. वर वीतभर माती आणि खाली मुरूम, पाणी टाकलं की लगेच गायब. या तुकड्याला घरात कुणी कधी किंमत दिली नव्हती. नवरा म्हणाला, "हेच तं पायजे. अन् रात्री सातपुड्यावरून गार हवा उतरते, ते तू धरतच नाहीस."

मी धरत होते. फार धरत होते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर या कामात पगारी नोकर आहे. वर्गात मुलं नकाशे रंगवत असताना मी मोबाइलवर चांदूर बाजारची हवा बघायची. ढग आले की पानांवर बुरशी येईल. ढग गेले की ऊन वाढेल. थंडी पडली नाही तर आंबटपणा जाईल, आणि पडली तर पुढे गारपीट होईल. एका शिक्षिकेने मला विचारलं, "मॅडम, घरी कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, द्राक्षं आहेत."

खरी भीती वेगळीच होती. नाशिककडच्या एका वायनरीचे बागा पाहणारे गृहस्थ पहिल्या फळाला येऊन बघणार होते. माल पसंत पडला तर दरवर्षीचा करार, नाही तर इतक्या लांब ते पुन्हा कशाला येतील? नवऱ्याच्या मित्राने पुण्यात त्याच्यासाठी नोकरीची जागा धरून ठेवली होती. द्राक्षं नापास झाली की तो पुण्याला जाणार, मी अकोल्यात, आणि माझे सासरे, म्हणजे मामाजी, शेतावर एकटे. एका घराची तीन घरं होणार होती. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मामाजी एकटे म्हणजे अगदी एकटे.

मामाजींचं सगळं आयुष्य संत्र्यात गेलेलं. मोझरीच्या आश्रमाचा माणूस. घरात दारूचा थेंब नाही, शेतात गड्याने पिऊन आलेलं चालायचं नाही. नवऱ्याने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. "बाबा, याची वाइन होते. म्हंजे दारूच," असं सरळ सांगितलं. मामाजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "बरड तुह्या वाट्याचं हाय. कर. मले काही विचारू नको." त्यानंतर ते संत्र्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत यायचे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून द्राक्षाच्या तारांकडे बघायचे आणि परत फिरायचे.

डिसेंबरात नवरा नाशिककडच्या बागा बघायला आठवडाभर गेला. वेलींवर घड लागलेले होते. मणी हिरवे आणि कडक, अजून त्यात पाणी उतरलं नव्हतं. पाणी उतरणं म्हणजे मणी मऊ पडून आत रस भरू लागणं. या दिवसांत पाणी कमी पडू द्यायचं नाही, असं तो जाताना मला बजावून गेला, जणू अकोल्यातून मीच नळ सोडणार होते. नळ सोडायला गडी होता.

शनिवारी मी शेतावर पोचले. ऊन कलत होतं. चपला बदलून सरळ बरडावर गेले. वेलींचे शेंडे माना टाकून लोंबत होते. खालची पानं पिवळी पडून गळलेली, त्यामुळे घड उघडे पडले होते. एक मणी दाबून पाहिला तर चामड्यासारखा लागला. ठिबकच्या नळीखाली हात घातला, मुरूम कोरडा ठणठणीत. विहिरीवर गेले. द्राक्षाच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद होता, आणि घट्ट आवळून बंद केलेला होता.

मी तो उघडला आणि गड्याला विचारलं. तो म्हणाला, "मालकानं बंद कराले सांगतलं. सहा रोज झाले असतीन."

मालक म्हणजे मामाजी. मी नवऱ्याला फोन केला, न करून सांगणार कुणाला? व्हॉल्व्हचं आणि गड्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्याइले नकोच होतं. तोंडानं नाही म्हणता आलं नाही, म्हनून पानी तोडलं."

"असं नसंल," मी म्हटलं.

"मंग कसं असंल?"

मी फोन ठेवला. मामाजी ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. त्यांना विचारायला मी दोनदा उठले आणि दोनदा चहा करून परत आले. विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं तर? या वयातल्या माणसाने मुलाच्या ताटात माती कालवली, हे एकदा कळलं की पुन्हा न कळल्यासारखं करता येत नाही. म्हणून मी विचारलं नाही. ते मात्र नेहमीसारखे जेवले, आणि "पोरगा कवा येते?" असं विचारलं.

नवरा परतला आणि बापाशी बोलेनासा झाला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, वऱ्हाडात भांडण पटकन होतं आणि पटकन मिटतं. हे न बोलणं मात्र मुरत गेलं. मी शनिवारी यायचे तेव्हा दोघं माझ्यामार्फत बोलायचे. त्याला मीठ दे, याला दूध दे. वेली हळूहळू सावरल्या, पण मण्यांची वाढ जी थांबली ती थांबलीच. आणि एका रविवारी नवऱ्याने मला सांगितलं की पुण्याच्या मित्राला त्याने हो कळवलंय. द्राक्षं पास झाली तरी. "ज्या वावरात घरचाच मानूस पानी तोडते, तिथं काय कराचं?" तो म्हणाला. मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला, आणि दोन्ही एकाच वेळी करता येत नाही म्हणून मी भांडी घासत बसले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नाशिकचे गृहस्थ आले. त्यांनी मणी चुरडून काचेच्या नळीतून गोडी बघितली, बी दातांखाली चावून बघितलं, जिभेवर रस घोळवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तशी बघत होते. शेवटी ते म्हणाले, "गोडी आहे, पण आंबटपणा गेलाय. पानं गळून घड उन्हात आले. ही द्राक्षं पिकलेली नाहीत, तापलेली आहेत. पाणी कोणी तोडलं होतं?"

नवऱ्याने मान वर केली नाही. उत्तर मागून आलं. मामाजी धुऱ्यावर उभे होते.

"म्यानं," ते म्हणाले. "ताण देल्ला."

संत्र्याचा आंबिया बहार हवा असला की डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात. पानं सुकतात, झाड मलूल होतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी लगडतं. त्याला ताण देणं म्हणतात. ताण चुकला तर वर्ष गेलं. वऱ्हाडातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

"संत्र्याइले ताण देल्ला," मामाजी सांगत होते, गृहस्थांना नव्हे, मुलाला. "याचे शेंडे माजून राहिले होते. माजल्या झाडाले गोडी येत नाही. तू घरी नव्हता. मले वाटलं, तुह्या द्राक्षाचा ताण राहून जाईन."

नाशिकचे गृहस्थ हळूच म्हणाले, "बाबा, द्राक्षाचं तसं नसतं."

मामाजींनी वेलींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू भूगोलाच्या मास्तरणीने तरी काही वेगळं सांगावं. ते म्हणाले, "मंग मले कोनी सांगतलं काहून नाही?"

सांगणार कोण? कुणी विचारलंच नव्हतं. नवरा तारांचा आधार धरून उभा होता, आणि त्याचा चेहरा मी लग्नापासून तसा कधी पाहिला नव्हता.

गृहस्थांनी माल घेतला नाही, पण जाताना सांगितलं, दोष सगळा ताणाचा नाही, इथल्या रात्रीही थोड्या उबदारच आहेत. पुढच्या वेळी छाटणी जरा लवकर घ्या, म्हणजे फळ ऐन थंडीत पिकेल. बघू. हे "बघू" मी अजून जपून ठेवलं आहे.

पण नवऱ्याने पुण्याला शब्द दिलेला होता आणि तिथे त्याची वाट पाहत होते. तो गेला. बापाच्या पाया पडून गेला, बराच वेळ वाकलेला राहिला.

आता बाग मामाजी बघतात. रोज सकाळी तारांमधून फिरतात आणि पुण्याला फोन लावतात. आज पानी किती सोडू? शेंडा खुडू का राहू देऊ? परवा शनिवारी मी गेले तेव्हा ते वेली बांधत होते. मी विचारलं, "मामाजी, याची दारू होईन. तुमाले चालते का?"

त्यांनी गाठ पूर्ण केली. म्हणाले, "दारू होवो का काही होवो. फळ पास झालं तं तो येईन ना घरी?"

मी मोबाइल काढून पुढच्या आठवड्याची हवा बघू लागले. त्यांना वाटलं, मी उत्तरच शोधते आहे. ते वाट बघत उभे राहिले.