उकंडा दुसरा

माझं नाव उकंडा आहे.

ही तक्रार नाही, माहिती आहे. आमच्या वऱ्हाडात उकिरड्याला उकंडा म्हणतात. माझ्या आधीची तीन भावंडं बारशाआधीच गेली, म्हणून चौथा मी जन्मलो तेव्हा सुइणीने मला सुपात घालून घरामागच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या काकूने तिथून उचललं आणि माझ्या आईने सूपभर कोंडा देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. (म्हणजे माझी किंमत पहिल्याच दिवशी ठरली. पुढे ती फारशी वाढली नाही.) कल्पना अशी की, मृत्यू आलाच तर त्याने पाहावं, हा तर केरकचरा आहे, आणि हात न लावता परत जावं. मृत्यूने ही सूचना पाळली. बाकीच्या लोकांनीही पाळली.

लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा माझी बायको, जानकी, बराच वेळ मानेनेच नको म्हणत राहिली. बायका ऐकेनात. शेवटी ती एका दमात म्हणाली, "चुलीवर ठेवला पाण्याचा हंडा, देवानं माह्या पदरी घातला उकंडा!" मांडव कोसळायचा तेवढा बाकी राहिला. त्यानंतर चाळीस वर्षांत तिने माझं नाव पुन्हा घेतलं नाही. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये अशी रीत आहे हे खरं. पण तिच्या मते एकदा घेतलं तेच पुरे झालं असावं.

मंगरूळपीरपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या शाळेत मी तीस वर्षं मास्तर होतो. मास्तरने मुलांना काय शिकवलं हे कोणी सांगू शकत नाही, पण तीस वर्षं रोज हजेरी घेतली की नावांविषयी माणसाला काही मतं सुचतात. काही जुनी नावं परत येतात, काही येत नाहीत. का? मी पुष्कळ विचार केला. ज्या आजोबाने मागे वावर ठेवलं त्याचं नाव नातवाला मिळतं. ज्याने नुसते विचार ठेवले त्याचं मिळत नाही. माझ्या वडिलांचं नाव श्रीपत. त्यांनी बारा एकर काळी जमीन ठेवली. आज आमच्या भाऊबंदांत चार श्रीपत आहेत, माझा मुलगा धरून. एकाला हाक मारली तर चौघं येतात, आणि शेताच्या बांधावर, आमच्या धुऱ्यावर, उभं राहून मारली तर सोबत वकीलही येतो.

देवांची नावं तर परत यायचा प्रश्नच नाही, ती गेलेलीच नसतात. अलीकडे मात्र नागपूर-अकोल्याकडून 'कर' मंडळी यायला लागली होती: सुधाकर, प्रभाकर, दिवाकर. एका वर्षी माझ्या पहिलीच्या वर्गात असे पाच जण होते, सगळे उजेड देणारे. फळ्यावरचं एकालाही दिसत नव्हतं. आणि या उजेडात धोंडू, दगडू, कोंडाजी, उकंडा ही मंडळी गुपचूप निघून चालली होती. गेली ती गेली. त्यांना परत बोलावायला कोणी बैलगाडी पाठवत नव्हतं.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी सुनेला मुलगा झाला. पहिली मुलगी होती, तेव्हा हा पहिला नातू. आणि काय सांगावं! पागोटी, पदव्या, सत्कार यांना जन्मभर हसलेल्या मला एकाएकी वाटू लागलं की आपलं नाव पुढे चाललं पाहिजे. शाळेत जाऊन जुने दाखले चाळले. तीस वर्षांत उकंडा एकच सापडला. तो दर पानाखाली होता, मास्तरच्या सहीत.

मी घरी येऊन जानकीजवळ विषय काढला. अगदी सहज.

"नातवाचं नाव काय ठेवाचं म्हणते तू?"

"ठेवू कायतरी. तुमाले काय घाई?"

"नाई, मले कायची घाई? मी म्हणतो, घराण्यातलं ठेवा."

"शिरपत झाला नं एक घरात."

"शिरपत सोडून बी घराण्यात मानसं हायेत."

तिने परातीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे पाहणं मी ओळखतो. "जित्या मानसाचं नाव ठेवते काय कोणी लेकराले? मराची घाई झाली काय तुमाले?"

"ह्या खुळ्या समजुती हायेत. मी नाई मानत."

"मी मानतो नं! तुमी गेले की मंग पाहू."

"मी गेल्यावर मले काय समजन?"

"मंग त नाईच ठेवत," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

सून नलू अकोल्याची, मराठी सातवी पास. ती दाराआडून हळूच म्हणाली, "मामंजी, तुमचं नाव बाळाला ठेवलं तर मी त्याला हाक कशी मारू? सासऱ्याचं नाव मी तोंडाने घेणार नाही. उद्या तो विहिरीच्या काठाशी गेला तर काय करायचं?"

प्रश्न योग्य होता. सातवीपर्यंत शिकवल्याचा हा परिणाम. मी श्रीपतकडे पाहिलं. श्रीपतने नेहमीप्रमाणे आधी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मग आईकडे पाहून हलवली.

उरली गंगू. गंगू माझी मुलगी, कामरगावला दिलेली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा हक्क आत्याचा. तो हायकोर्टालाही काढून घेता येत नाही. ती बैलांच्या दमणीतून उतरली न उतरली तोच मी तिला कडुलिंबाखाली गाठलं.

"गंगू, तुह्या हातात हाय सगळं. परवा ह्या घरात माह्यं नाव ठेवलं गेलं पायजे. बस. तुले नागपुरी लुगडं."

"हिरवं?"

"हिरवं."

"मंग ठेवलं समजा, बाबा. तुमी बेफिकीर राहा."

मी बेफिकीर राहिलो. हीच चूक झाली.

याच सुमारास आमची म्हैस व्याली होती. हे मी उगाच सांगत नाही. तिची आधीची दोन रेडकं आठ-आठ दिवसांत गेली होती, आणि रेडकू नसलं की ही म्हैस दूध चोरते. पुढ्यात देव येऊन बसला तरी पान्हा सोडत नाही. घरात बाळंतीण, वर बारशाची पाहुणी मंडळी, त्यामुळे जानकीचा निम्मा जीव पाळण्यापाशी आणि निम्मा गोठ्यात. गडी सुकदेव आणि ती रोज सकाळी रेडकाभोवती बसून काहीतरी खलबतं करत असत. मी लक्ष दिलं नाही. मी भाषण लिहीत होतो.

भाषण नम्रतेवर होतं. दोन पानं झालं.

बारशाच्या दिवशी आत बायका आणि बाहेर ओसरीवर आम्ही पुरुष, असे बसलो. पाटलांना मी आधीच कानात सांगून ठेवलं होतं. (पाटलांना कानात सांगणं म्हणजे दवंडी देण्यासारखंच, फक्त दवंडीवाल्याला हलगी लागते.) त्यामुळे येईल तो माझ्याकडे पाहून हसत होता. मी न समजल्यासारखं करत होतो. पांढरं उपरणं घातलं होतं.

आत पाळणा म्हणून झाला. मग गंगूने बाळाच्या कानात कुर्र केलं, बायका हसल्या आणि त्या हसण्यातच एकदम मोठा गलका उठला.

"उकंडा! अवं माय, उकंडा!"

पाटलांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा नाकावरून खाली आला. "जितलं मास्तर! झालं नाव!"

"उकंड्याले घ्या वो, घ्या! इकडून घ्या!" आतून आवाज आला. बारशाला बाळाला पाळण्याच्या वरून-खालून घ्यायची पद्धतच आहे. मी डोळे पुसले आणि उभा राहून कागद उघडले.

"मंडळी," मी म्हणालो, "आज ज्या नावाचा मान झाला, ते नाव त्या मानाला पात्र नाही."

"खरं हाय," पाटील म्हणाले.

"परंतु नावात मोठेपणा नसतो, तो..."

"उकंड्यानं घुगऱ्या सांडल्या!" आतून कोणीतरी किंचाळलं. पाठोपाठ घुगऱ्यांचं पातेलं, आमच्याकडचा पितळी गंज, फरशीवरून गडगडत गेल्याचा आवाज झाला.

पाटलांनी हिशेब केला. "बारा दिसाचं पोरगं," ते म्हणाले, "अन् गंज लवंडते? मास्तर, तुमचं रगत लय जबर हाय!"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही थोडा अभिमान वाटला.

"उकंड्याच्या गळ्यात दोर घाला! सुकदेव! उकंडा बाहीर पळाला!"

आणि दारातून, कपाळावर हळदीकुंकवाचा बोटभर मळवट, नाकाला चण्याच्या घुगऱ्या चिकटलेल्या, असं आठवडाभराचं काळं रेडकू चौखूर उधळत ओसरीवर आलं. त्याने सभेकडे पाहिलं. कोणाकडे जावं याचा त्याने थोडा विचार केला. मग ते सरळ माझ्याकडे आलं, माझ्या नव्या उपरण्याचं टोक त्याने तोंडात धरलं आणि डोळे मिटून चोखायला सुरुवात केली.

पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आज्यावर गेला," ते म्हणाले.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. ओसरीवरची माणसं लोळत होती एवढं आठवतं. दारात गावातल्या साऱ्या बायका उभ्या होत्या आणि "उकंडा, उकंडा" असं मनापासून ओरडत होत्या. मास्तरचं नाव मोठ्याने घ्यायची संधी त्यांना तीस वर्षांत प्रथमच मिळाली होती.

नातवाचं नाव मधुकर ठेवलं गेलं होतं.

मी गंगूला पुन्हा कडुलिंबाखाली गाठलं.

"गंगू, काय ठरलं होतं आपलं?"

"ह्या घरात तुमचं नाव ठेवाचं, असं तुमी म्हणलं. ठेवलं. सक्कायीच ठेवलं गोठ्यात, सूप घेऊन, कुर्र करून, साऱ्या बायकाईसमोर. ते दावं तोडून घरात घुसन हे कोणाले ठावं? कोणाले ठेवाचं हे तुमी कोठी सांगतलं?" आणि जाता जाता, "हिरवं, बाबा. इसरू नोका."

मग मी जानकीकडे गेलो. ती गोठ्यात म्हशीजवळ उकिडवी बसली होती. मी चांगलाच तापलेला होतो.

"साऱ्या गावासमोर थट्टा केली माही!"

"कायची थट्टा?" तिने खरोखरच आश्चर्याने विचारलं. "आधीचे दोन गेले. हे तरी जगाले नको काय? सुकदेवानं उकिरड्यावर ठेवलं, शेजारनीनं उचललं, म्या सूपभर कोंडा देऊन घेतलं. तुमी नाई जगले काय?"

मी तिच्यासमोर उभा होतो, जगलेला. तिच्या माहितीत हमखास लागू पडलेलं असं एकच नाव होतं, आणि तिने ते जिथे गरज होती तिथे वापरलं होतं.

"मंग नातवाले काहून नाई ठेवलं?" माझा आवाज जरा खाली आला होता.

"त्याले काय झालं? मंगरूयची नर्सबाई पाहून गेली, ठणठणीत हाय म्हणे. भल्या चांगल्या लेकराले कायले उकिरड्यावर टाकू?"

तीस वर्षांच्या हजेरीत मला जे सुचलं नव्हतं ते तिने शेण काढता काढता सांगून टाकलं. वावराची नावं वावरासाठी परत येतात, देवांची नावं सवयीने. पण आमची नावं आयांनी भीतीपोटी ठेवलेली. भीती कमी झाली की ती कोणाला नको असतात. म्हणजे माझं नाव परत येत नाही ही मुळात चांगली बातमी आहे. मी ती आनंदाने स्वीकारली. (दोन दिवस जेवलो नाही, पण ते अपचनामुळे.)

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मधुकर गुटगुटीत आहे. उकंडाही जगला, नाव पुन्हा एकदा लागू पडलं. म्हशीने त्या हंगामात इतकं दूध दिलं की जानकी दर सकाळी गोठ्यातल्या उकंड्याच्या पाठीवरून हात फिरवायची. ओसरीवरच्याला अशी वागणूक मिळाल्याचं आठवत नाही.

अडचण फक्त नलूची राहिली. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही, मग ते रेड्याचं का असेना. तिने पहिल्या दिवसापासून त्यालाही मामंजीच म्हणायला सुरुवात केली. परवा पाटील ओसरीवर पान लावत बसले होते, तेव्हा आतून तिचा आवाज आला, "सुकदेव, मामंजी हल्ली फार हुंदडतात. त्यांना वेसण घालायला हवी."

"सूनबाई हुशार हाय," पाटील चुना चोळत म्हणाले. "मी हेच वीस वर्सं झाले सांगून राह्यलो."

संध्याकाळ झाली की ती दारात येऊन रोज विचारते, "मामंजींना पाणी दाखवलं का?" मी ओसरीवरून रोज म्हणतो, "नाई अजून." आणि पाणी येतं, तक्रारीला जागा नाही. आधी गोठ्यात जातं. उरलं तर माझ्याकडे.