सिस्टर सभेत बोलून बसली

ती काही शिकलेली नर्स नव्हती, पण सगळा वॉर्ड तिला सिस्टरच म्हणायचा. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून हलक्या हाताने तेल लावायचं, हे तिचं काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत या जिन्यावरून त्या जिन्यावर. अशा बाईने नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहावं? तर राहिली. नवरा नळदुरुस्ती करायचा. तो म्हणाला, "अगं, पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, पण पाणी किती खोल आहे ते तरी बघ." ती म्हणाली, "बघितलंय. म्हणून तर घाबरलेय." आणि अर्ज भरून आली.

तिचं मागणं साधं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा जाळणं बंद करायचं. झाडलोटीच्या कामाला बाईला आणि पुरुषाला सारखाच पगार द्यायचा. आणि मुख्य म्हणजे, घरचे कामाला गेल्यावर एकटी पडणारी म्हातारी माणसं बघायला पालिकेने माणसं नेमायची. प्लॅस्टिकचे फ्लेक्स लावायचे नाहीत असा तिचा हट्ट, म्हणून नवऱ्याने रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर ब्रशने तिचं नाव रंगवलं. त्यातल्या एकावर 'ही बाजू वर' असं आधीच छापलेलं होतं, आणि नेमका तोच पुठ्ठा उलटा टांगला गेला. समोरच्या उमेदवाराचे फ्लेक्स मात्र एवढे थोर, की भाजीवाले त्यांच्या सावलीत बसून धंदा करायचे.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. सिस्टरने कागदावरून वाचायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत माणसं चुळबुळायला लागली. पुढच्या रांगेतल्या एकाने तर असा जबडा फाडून जांभई दिली, की हिला त्याची किडलेली दाढ दिसली. आता काय करावं? तिने कागद खाली ठेवला आणि जे रोज डोळ्यांनी बघत होती ते बोलून टाकलं.

"आपल्या वॉर्डात एक आजोबा आहेत. त्यांनी जन्मभर तुम्हाला-आम्हाला वेळेवर कामावर पोचवलं. आज त्यांची सून कामाला जाते, आणि ते दुपारभर ओल्या चादरीवर पडून असतात. सांगा, त्यांच्याकडे कोणी बघायचं?"

टाळ्यांचा जो कडकडाट उठला! जांभईवालासुद्धा टाळ्या पिटत होता. सिस्टर घरी आली ती जमिनीवर पाय न टेकता. नवरा मात्र दारातच चपला काढत खाली मान घालून उभा राहिला.

"काय झालं? आवडलं नाही?"

"बोललीस झकास. पण जन्मभर बस चालवलेला म्हातारा या वॉर्डात दुसरा आहे कोण?"

ते सिस्टरच्या आत्ता ध्यानात आलं. नाव घेतलं नव्हतं, पण घ्यायचं बाकी तरी काय ठेवलं होतं? ड्रायव्हरकाकांना शेंबडं पोरही ओळखायचं. आणि त्यांच्या घरात ती रोज सकाळ-संध्याकाळ जायची. लोक तिला उंबऱ्याच्या आत घेतात ते कशाच्या भरवशावर? आत बघितलेलं बाहेर जाणार नाही, याच ना. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी ती काकांच्या दारात गेली तेव्हा सुनेने दार अर्धंच उघडलं. सून बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, आणि या वेळी तिच्या अंगावर कारखान्याचा निळा कोट असायचा. आज नव्हता.

"तुम्ही नका येऊ आता. मी रजा घेतलीय."

"रजा मिळाली?"

"बिनपगारी. सुपरवायझर फोनवर म्हणाले, चार दिवसांच्या वर गेलीस तर परत येऊ नकोस." ती दाराआडूनच बोलत होती. "काल सभा सुटल्यावर दुकानात गेले तर सगळ्यांसमोर एक बाई म्हणते, काय गं, सासऱ्याला वाळत घातलंस का? आणि सगळे हसले."

"माझं चुकलं. मी त्याच स्टेजवर उभी राहून माफी मागते."

"म्हणजे काल जे आले नव्हते त्यांनाही कळेल! नको, भीक नको पण कुत्रा आवर." सुनेने डोळे पुसले. "खोटं नाही बोललात तुम्ही. ओले असतात ते, माहीतेय मला. पण तुम्ही सून म्हणालात. मुलगा का नाही म्हणालात? ह्यांचा कारखाना मागच्या गल्लीत आहे, हाक मारली तर ऐकू येईल. ह्यांना कोणी एक शब्द विचारला नाही. आणि तुम्ही म्हणे सगळ्यांना समान करायला निघालात!"

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "कोण आहे गं? सिस्टर का?"

"कोणी नाही, बाबा," सून म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतरचे दिवस काही विचारू नका. समोरच्यांना आयतं कोलीत मिळालं. 'सिस्टरला घरात घ्याल, तर घरातलं चव्हाट्यावर येईल,' असं त्यांची माणसं दारोदार सांगत फिरली. आणि त्यात खोटं काय होतं, हेच तर तिला खात होतं. आणखी दोन घरांनी 'आज नको' म्हणून निरोप पाठवले. नवऱ्याला वाटे, हिला मतांची काळजी लागलीय. हिला काळजी होती काकांच्या पाठीची. सून एकटी, काका धिप्पाड गडी. तिच्याने ते कुशीवर वळणार कसे? एकाच अंगावर पडून राहिले तर कातडी फाटायला किती वेळ लागतो, हे सिस्टरला ठाऊक होतं. आणि सुनेची नोकरी गेली, तर ते पाप कोणाच्या माथी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती तिची.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी पुठ्ठे हातात घेऊन माणसं गोळा झाली. सिस्टर नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे," आणि मागच्या गल्लीत फर्निचरच्या कारखान्यात शिरली. काकांचा मुलगा फळीला रंधा मारत होता. तिला बघून त्याचा हात थांबला.

"मला कशाला भेटायला आलात? मला तर कोणी काही बोललं नाही."

"तेच सांगायला आलेय. मीही नाही बोलले. तुमचं नावच डोक्यात आलं नाही माझ्या. मुलाचं यायला हवं होतं ना आधी?"

त्याने अंगावरचा भुसा झटकला. पुन्हा झटकला. "ते बायकांचं काम आहे, सिस्टर."

"असं? वडील कोणाचे?"

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो फळीवरच बसला. "मला बघवत नाही हो," तो म्हणाला. "ज्या हाताने मला उचलून स्टिअरिंगवर बसवायचे, तो हात आता... मला नाही बघवत."

"पहिल्या दिवशी कोणालाच बघवत नाही. मीही बाहेर जाऊन रडले होते. दुसऱ्या दिवशी हात चालायला लागतो. चला, मी शिकवते. आत्ता."

दोघं दारात आली तेव्हा सून एकदा नवऱ्याकडे, एकदा सिस्टरकडे बघत राहिली, आणि बाजूला झाली. सिस्टरने आधी काकांची पाठ बघितली. लाल झाली होती, फाटली नव्हती. तिच्या जिवात जीव आला. मग तिने चादरीला हात न लावता मुलाला सांगायला सुरुवात केली. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली. ओढायचं नाही, वळवायचं. काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि मुलाचे कान लाल झाले होते. त्याने जरा जोरातच वळवलं.

"हळू रे," डोळे मिटूनच काका म्हणाले. "ट्रक नाही चालवत तू. आत पॅसेंजर आहे."

मुलगा हसला, आणि हसता हसता त्याचं नाक वाहायला लागलं. सून स्वयंपाकघरात गेली. आतून बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

निघताना सिस्टरने मतांबद्दल चकार शब्द काढला नाही. कोणत्या तोंडाने काढणार? घरी नवरा म्हणाला, "शेवटचा दिवस फुकट घालवलास." ती म्हणाली, "असेल," आणि न जेवताच आडवी झाली.

मतदानाच्या दिवशी उमेदवारांना फाटकाबाहेर आखलेल्या रेषेपलीकडे उभं राहायचं होतं. सिस्टर तिथे उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर आपलं नशीब वाचायला बघत होती. काही जण मान हलवायचे, काही जण नजर चुकवायचे. तिला दोन्हींची सारखीच धास्ती वाटत होती.

ड्रायव्हरकाका चाकांच्या खुर्चीत बसून आले. खुर्ची सून ढकलत होती, अंगात निळा कोट, इथूनच कामावर जायचं असावं. मुलगा बाजूने खिशात हात घालून चालत होता. फाटकापाशी रांगेत थांबावं लागलं. समोरच्या उमेदवाराचा एक माणूस मागेच उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो सुनेला म्हणाला, "काय वहिनी, आज काका ओले की कोरडे?"

दोन-चार जण फिदीफिदी हसले. हे सिस्टरच्याच तोंडून निघालेलं होतं, फिरून फिरून पुन्हा त्याच बाईच्या अंगावर आलं होतं. सुनेने मान खाली घातली. काका समोर बघत राहिले.

मुलाने खिशातून हात काढले.

"कोरडे आहेत," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. "कोरडे आहेत. सकाळी मी बदललंय त्यांचं. मुलगा आहे मी त्यांचा. पुढचं काय विचारायचं ते मला विचारा."

रांगेतलं हसू जागच्या जागी विरलं. सून त्याच्याकडे बघतच राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग तिने खुर्चीच्या मुठी सोडल्या आणि बाजूला सरकली.

"मग ढकला आता," ती म्हणाली.